मारोतीभाऊ आणि वाचनालयाची नोकरी

नोकरी मिळाली म्हणून एखाद्याच्या घरी समजूत घालायला जावं लागावं, असा प्रसंग माझ्यावर आयुष्यात एकदाच आला. ते घर पवनीच्या विणकरांच्या मोहल्ल्यातलं होतं आणि तो माणूस म्हणजे मारोतीभाऊ.

मी तेव्हा पवनीच्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो. भंडाऱ्याचे दोन जिल्हे होऊन फार काळ लोटला नव्हता. एकटा जीव, भाड्याची खोली, शाळा सुटली की करायला काही नाही, म्हणून मी वाचनालयात जाऊ लागलो. वाचनालय म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक लांब टेबल, दोन बाक आणि पेपर, आतल्या खोलीत पुस्तकांची कपाटं. पहिल्याच दिवशी मी खिडकीजवळच्या बाकावर बसलो, तर शेजारी बसलेले वकीलसाहेब हळूच म्हणाले, "सर, जरा इकडे सरका. चार वाजत आले. मारोतीभाऊ येतील."

मला वाटलं, कोणी बडी असामी असेल. आला तो एक उंच, वाळका माणूस. पायजमा, बंडी, खांद्यावर दुपट्टा, आणि भुवयांवर कापसाची बारीक लव. दिवसभर मागावर बसणाऱ्याच्या अंगावर ती असतेच. रस्त्यावरच्या हातपंपावर त्याने कोपरापर्यंत हात धुतले, दुपट्ट्याने एकेक बोट पुसलं आणि मग आत येऊन पेपर उचलला. मी पाहतोय हे बघून तो म्हणाला, "सुताले डाग लागला तं धुता येते, सर. पेपरले येत नाही."

मारोतीभाऊ पेपर मोठ्याने वाचत. वाचनालयात मोठ्याने वाचू नये हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांच्यासमोर जे चार-पाच जण येऊन बसत, ते ऐकायलाच आलेले असत. एक रिक्षावाला होता, त्याला अक्षरओळख नव्हती. आसगावचे एक म्हातारे बाबा बाजाराच्या दिवशी येत, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. हळूहळू वकीलसाहेबही स्वतःचा पेपर मिटून ऐकू लागत. एक बातमी संपली की मारोतीभाऊ चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत आणि म्हणत, "आता याची दुसरी बाजू पाहू." लुगडं विणून झालं की ते उलटून पाहायचं, ही त्यांची सवय. ती त्यांनी बातम्यांनाही लावली होती. सगळ्यांनी कुणाची स्तुती केली की हे त्याचे दोष सांगत, आणि सगळे कुणावर तुटून पडले की हे त्याची बाजू घेत. त्यांचं स्वतःचं मत काय, याचा पत्ता कुणालाच नव्हता. मी एकदा सरळ विचारलं. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "माझं मत ना? थांबा, सांगतो." मी अजून थांबलेलोच आहे.

वाचनालयाच्या भिंतीवर जुन्या, अखंड जिल्ह्याचा नकाशा होता. कोणता तालुका गोंदियात गेला नि कोणता भंडाऱ्यात राहिला, यावर तिथे रोज वाद व्हायचा. तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीचा एक गृहस्थ पवनीत बहिणीकडे आला होता. त्याने काकुळतीला येऊन विचारलं, "भाऊ, मंग आमी आता कोनाचे?" दुसऱ्या दिवशी मारोतीभाऊ घरून लाल सूत आणि टाचण्या घेऊन आले. पेपरातली तालुक्यांची यादी समोर ठेवून त्यांनी तीन संध्याकाळी खपून नकाशावर नवी हद्द बसवली. नाकाडोंगरीवाला रोज येऊन बघायचा. शेवटी मारोतीभाऊ त्याला म्हणाले, "तुमी हाल्लेच नाही, बाप्पा. जिल्हाच सरकला." तो समाधानाने गेला. पण स्वतः मारोतीभाऊ मात्र हद्दीच्या पूर्वेकडच्या एका टाचणीशी घुटमळत राहिले. ती त्यांनी दोनदा काढून पुन्हा लावली.

"काय झालं?" मी विचारलं.

"वैशूच्या मायचं माहेर गेलं ना, सर, पल्याड. आता घरी कसं सांगू?"

वैशू म्हणजे त्यांची मुलगी वैशाली आणि वैशूची माय म्हणजे त्यांची बायको, सिंधूबाई. त्यांनी घरी जाऊन ही बातमी जपून, आडवळणाने सांगितली म्हणे. सिंधूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "बस तं तेच जाते ना?"

पुढे वाचनालयाचे जुने ग्रंथपाल थकले आणि मुलाकडे नागपूरला राहायला निघाले. वाचनालयाची एक समिती होती. अध्यक्ष धानाचे मोठे व्यापारी. चिटणीस मी, कारण ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. ग्रंथपालाच्या जागी कोणाला घ्यायचं हा प्रश्न निघाल्यावर मीच मारोतीभाऊंचं नाव सुचवलं. एका मिनिटात सगळ्यांची संमती. मला फार बरं वाटलं. मारोतीभाऊंचा माग आता आठवड्यातून जेमतेम दोन दिवस चालत होता, कारण सूत देणारी सोसायटी बंद पडली होती. वैशाली बारावीत होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. पगार थोडा असला तरी दर महिन्याचा होता. शिवाय जागा त्यांच्या आवडीची. मला वाटलं, योग जुळला तो असा.

निरोप घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. ते मागावर होते. हातातला धोटा हातातच राहिला.

"मले? तिथं?"

"हो. तिथंच."

त्यांनी धोटा खाली ठेवला, पुन्हा उचलला. म्हणाले, "पाह्यतो."

त्यानंतर जवळजवळ महिनाभर मारोतीभाऊ 'पाहत' होते. त्यांनी वकिलांना विचारलं, न्हाव्याला विचारलं, रिक्षावाल्याला विचारलं, मावळत्या ग्रंथपालांना विचारलं, देवळातल्या पुजाऱ्याला विचारलं. सगळे म्हणाले, घ्या. जितके लोक 'घ्या' म्हणत तितका त्यांचा चेहरा ओढला जाई. मग ते एसटीत बसून लाखांदूरच्याही पल्याड आपल्या साळ्याला, म्हणजे सिंधूबाईंच्या भावाला, विचारायला गेले. दुसऱ्या दिवशी परतले.

"काय म्हणाले साळे?"

"विचारलंच नाही, सर. त्याच्या बांधीत धानाचं रोवणं चालू होतं. मीबी चिखलात उतरलो. मस्त गेला दिवस."

"अहो, पण विचारायलाच गेला होतात ना?"

"हाव. पन येताना बसमंदी वाटलं, विचारलं असतं तं तो 'घे'च म्हनला असता. मंग कायले विचाराचं?"

माझा धीर सुटला. मी जरा आवाज चढवूनच म्हणालो, "मारोतीभाऊ, तुम्ही रोज तिथे फुकट बसता. आता पगार घेऊन बसा. यात अडचण काय आहे?"

ते रागावले नाहीत. खरंच शोधत असल्यासारखे म्हणाले, "तेच तं समजून नाही राहिलं, सर. आता मी जातो तं मले कोनी ये म्हनत नाही अन् कोनी जा म्हनत नाही. नोकरी धरली का दोन्ही आलं."

आतून सिंधूबाई चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "सर, तुमी यांले विचारू नका. सांगा."

म्हणून मी सांगितलं. आठ दिवस करून पाहा, नाही जमलं तर सोडा. ते तयार झाले.

पहिल्या दिवशी मारोतीभाऊ दुपारीच आले. झाडलोट केली, मासिकं तारखेप्रमाणे लावली, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. चार वाजता त्यांची मंडळी आली. खिडकीजवळची त्यांची जागा रिकामी होती, पण तिथे कुणीच बसेना. "वाचा ना, मारोतीभाऊ," वकीलसाहेब म्हणाले. त्यांनी पेपर उघडला. दोन ओळी होतात न होतात तोच एक बाई पुस्तक बदलायला आल्या. ते आत जाऊन पुस्तक घेऊन आले, नोंद केली, पुन्हा पेपर उघडला, तर एक कॉलेजकुमार आला. साडेपाचपर्यंत पहिल्या पानावरची पहिली बातमीसुद्धा पुरी झाली नाही. आसगावचे बाबा काठी टेकत उठले आणि म्हणाले, "येतो गा. आज काही घडलंच नाही वाटते जगात."

तिसऱ्या दिवशी रिक्षावाला कशावरून तरी खदाखदा हसला. मारोतीभाऊ खुर्चीतून म्हणाले, "हळू गा, आत लोक वाचून राह्यले." आणि बोलल्यावर स्वतःच दचकले. त्या दिवशी त्यांनी मला दोनदा विचारलं, "सर, मी बोललो का थे?"

पाचव्या दिवशी अध्यक्ष आले. हे अध्यक्ष एरवी वाचनालयात आले की मारोतीभाऊंच्या शेजारी बाकावर बसायचे आणि विचारायचे, "काय मारोतीभाऊ, काय म्हणतो पेपर?" त्या दिवशी त्यांच्याबरोबर बाहेरगावचे दोन पाहुणे होते. अध्यक्ष टेबलाशी बसले आणि मागे वळूनही न पाहता म्हणाले, "मारोती, तीन गिलास पाणी आण."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. स्वतःच्या भातगिरणीतल्या माणसांशी ते जसे बोलत तसेच बोलले. मारोतीभाऊ उठले. त्यांनी तीन गिलास विसळले, भरले, आणून समोर ठेवले. एका पाहुण्याने विचारलं, "माणूस चांगला आहे का?" अध्यक्ष म्हणाले, "घरचाच आहे."

मी त्याच टेबलाशी बसलो होतो. सभासदांचं रजिस्टर माझ्या हातात होतं. मी मान खाली घालून त्यात बघत राहिलो. त्या पानावर काय लिहिलं होतं ते मला आठवत नाही, कारण मी वाचत नव्हतोच. एक वाक्य बोलायला हवं होतं. ते मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मारोतीभाऊ दुपारी आले नाहीत आणि चारलाही आले नाहीत. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. म्हणून मी त्यांच्या घरी गेलो.

ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. माग बंद होता. बाजूला सिंधूबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होत्या. वैशाली दारात पुस्तक घेऊन बसली होती. मला पाहून ती आत गेली.

"सर," मारोतीभाऊ म्हणाले, "पानी देनं काही वाईट नाही. आसगावच्या बाबाले मी कितीदा पानी देल्लं. तुमालेबी देल्लं. तवा काही वाटलं नाही. मंग काल काहून असं झालं?"

 मी म्हणालो, "मी अध्यक्षांशी बोलतो."

"काय बोलाल? मले भाऊ म्हना म्हनून?" ते हसले. "सांगून म्हनलेलं भाऊ कोन्या कामाचं?" मग बोटाने मागाच्या लाकडावरची धूळ पुसत म्हणाले, "अन् दुसरी बाजू पाहा ना, सर. मी नाही म्हनलो तं पोरीच्या आड येतो. तिनं काही मांगतलं नाही कधी. नर्सिंगच म्हनते फक्त. आता सांगा, एका गिलास पान्यासाठी पोरीचं शिक्षन थांबवनारा बाप कसा असते? असा असते का?" आणि त्यांनी स्वतःकडे बोट केलं.

चरखा थांबला नव्हता. तो फिरवत असतानाच सिंधूबाई म्हणाल्या, "मंग मी जाईन तिथं."

"कुठं?"

"वाचनालयात. नोकरीवर."

मारोतीभाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. "तू?"

"दहावी पास आहो. तुमी सातवी." हे मला ठाऊक नव्हतं. गावातही कुणाला ठाऊक नसावं. "अन् पान्याचं म्हनाल तं घरीबी मलेच द्या लागते. तिथं देल्लं तं पगार भेटन."

मारोतीभाऊंना आधी हसू आलं. मग ते विरलं. अगदी हरवल्या आवाजात त्यांनी विचारलं, "अवो, पन मंग मी कुठं जाऊ?"

"तिथंच या ना, चार वाजता. मी का नाही म्हनून राह्यली?"

समितीच्या बैठकीत कुरबूर झाली. वाचनालयात बाई कशी बसणार, संध्याकाळी पुरुषमाणसं असतात, वगैरे. अध्यक्ष म्हणाले, "नवरा आला असता तर बरं होतं. तो का नाही म्हणाला?" या वेळी मी रजिस्टरमध्ये पाहिलं नाही. त्या दिवशीची पाण्याची गोष्ट मी जशीच्या तशी सांगितली, कमीजास्त न करता. अध्यक्षांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "माझ्या लक्षातही नाही हो." आणि ते खरं होतं, हेच त्यातलं अवघड होतं. ठराव मंजूर झाला.

सिंधूबाई कामावर लागल्या त्याच आठवड्यात अध्यक्ष आले. सवयीनेच म्हणाले, "बाई, पाणी."

सिंधूबाई रजिस्टर लिहीत होत्या. मान वर करून त्या अगदी आदराने म्हणाल्या, "माठ त्या कोपऱ्यात हाये, शेटजी. आताच भरला. गिलासबी धुतले."

 वकीलसाहेब छताकडे बघू लागले. अध्यक्ष क्षणभर बसून राहिले, मग उठले, माठापाशी जाऊन पाणी प्याले, आणि काय वाटलं कोण जाणे, दुसरा गिलास भरून वकीलसाहेबांना आणून दिला. मारोतीभाऊ खिडकीजवळ पेपर वाचत होते. त्यांनी एकच ओळ तीनदा वाचली.

गोष्ट इथे गोड झाली असं कुणाला वाटेल. मारोतीभाऊंना तसं वाटत होतं का, हे मला कधीच नीट कळलं नाही. काही दिवस ते चारच्या ठोक्याला येत. काही दिवस कोपऱ्यापर्यंत येऊन न्हाव्याच्या दुकानात शिरत. एकदा तिथेच मला सापडले. म्हणाले, "सर, घरी तिच्यासमोर बसतो, इथंबी तिच्यासमोर. मी घरी आहो का घराच्या भाएर, हेच समजून नाही राह्यलं." मी म्हटलं, "मग काही दिवस नका जाऊ." त्यांनी त्यावरही विचार केला. "नाही गेलो तं ती म्हनन, माझ्यामुळं येनं सोडलं. सोडलं नाही तं लोक म्हनतीन, बायकोवर ध्यान ठेवाले येते. दोन्हीकडून फसलो."

त्यात एक नवी गोष्ट झाली. बाई बसलेली पाहून मुली वाचनालयात येऊ लागल्या. आधी वैशालीच्या दोन मैत्रिणी आल्या, मग त्यांच्या बहिणी. आतली खोली अभ्यास करणाऱ्या मुलींनी भरू लागली. परीक्षा जवळ आल्या तेव्हा सिंधूबाईंनी नवऱ्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "जोरानं वाचाचं असन तं भाएर ओट्यावर वाचा. पोरी अभ्यास करून राह्यल्या."

मारोतीभाऊ ताडकन उठले. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा या पायऱ्या चढत नाही. ते पेपर घेऊन बाहेर ओट्यावर गेले आणि रस्त्याकडे पाठ करून बसले. मागोमाग रिक्षावाला गेला. आसगावच्या बाबांना वकीलसाहेबांनी हाताला धरून नेलं. थोडा वेळ बाहेरून काहीच ऐकू आलं नाही. मग खाकरल्याचा आवाज आला आणि वाचन सुरू झालं. आठ-दहा दिवसांत ओट्याखाली भाजीवाल्या बायका टोपली उतरवून उभ्या राहू लागल्या, शेतातून परतणारी माणसं सायकल टेकवू लागली. आत यायला ज्यांना कधी धीर झाला नव्हता तीच ही माणसं. 'आता याची दुसरी बाजू पाहू' हे बाजारापर्यंत ऐकू जाऊ लागलं.

वैशाली नर्सिंगला गेली, शिकून नोकरीला लागली. मारोतीभाऊंचा माग आणखी दोन-चार वर्षं अधूनमधून वाजत राहिला आणि मग थांबला. त्यांची दुपार आता मोकळी होती, तरी ते वाचनालयात चारलाच जात. आधी का जात नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "दुपारी कामाचा टाइम असते." काम नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी निवृत्त झालो तेव्हा पवनी सोडायचं ठरलं. सामान आधीच गेलं होतं. मी हातात एक पिशवी घेऊन बस स्टँडवर उभा होतो, तर मारोतीभाऊ आले. भुवया पार पांढऱ्या झाल्या होत्या, पण आता तो कापूस नव्हता. माझ्या शेजारी उभे राहून ते बराच वेळ येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्या बघत होते. मग एकदम म्हणाले, "सर, जाता जाता एक विचारतो. खरं सांगा. तवा मी हो म्हनाले पाह्यजे होतं का?"

इतकी वर्षं झाली होती. समोरच्या माणसाला बरं वाटेल असं काहीतरी बोलण्याची शिक्षकाची सवय मला आहे, पण त्या वेळी ती उपयोगाला आली नाही.

"मला नाही माहीत, मारोतीभाऊ."

"मलेबी नाही," ते म्हणाले, आणि खांद्यावरचं ओझं कुणीतरी अर्धं घेतल्यासारखा त्यांचा चेहरा सैल झाला. "रोज वाटते, बरं झालं. अन् रोज वाटते, आपल्याच्यानं झालं नाही. दोन्ही वाटते."

मग त्यांनी स्टँडवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि गडबडले. "चार वाजून गेले ना!"

"वाजू द्या की. एक दिवस उशीर झाला तर काय होतं?"

"तसं नाही, सर. ती एक पेपर सकाळपासून घडी न मोडता आपल्या टेबलाच्या खणात ठेवते. मी गेल्याबिगर कोनाले हात लावू देत नाही. वकीलसाहेबासंगं भांडन झालं तिचं त्याच्यापायी. स्वतःबी वाचत नाही." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा नीट केला. "म्हनते, तुमी वाचता तवाच ऐकते मी, खिडकीतून."

आणि ते घाईघाईने निघाले. मला निरोप द्यायला आले होते, तो द्यायचा राहूनच गेला.